मर्यादा कुणी पाळायची?



माझ्या कपाटात हिरव्या रंगाचं एक जॅकेट लटकतंय. बाहीला किमतीची चिठ्ठी अजून तशीच आहे. छापील किंमत २,४९९, आमची किंमत ८९९. ते मला होत नाही. माझ्या मुलीला होत नाही. दौंडच्या वहिनीला तर त्याची एक बाहीसुद्धा चढत नाही. तरी मी ते विकत घेतलं. रांगेत उभी राहून, स्वतःच्या पर्समधून पैसे काढून घेतलं. आणि तेही चातुर्मासात, महासतीजींसमोर 'चार महिन्यांत नवीन कपडे चारच' असं पच्चक्खाण घेऊन जेमतेम बावीस दिवस झालेले असताना.

आज त्या जॅकेटबद्दल लिहायचं आहे. थोडं स्वतःवर रागावून, आणि बरंचसं ते विकणाऱ्यांवर.

झालं असं. स्वस्त कपड्यांच्या दुकानांची एक साखळी आहे. शिरूरमध्ये हायवेला तिचं दुकान आहे आणि दौंडमध्येही आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सगळे साळसूद ठरतात, आणि हा उद्योग एकाचा नाही. श्रावणाच्या तोंडावर फोनवर मेसेज आला. मुंबईच्या नामवंत डिझायनरचं खास सणाचं कलेक्शन, ७९९ पासून पुढे, फक्त तुमच्या गावात, मर्यादित नग, शनिवारी सकाळी दहा वाजता. दोन दिवस रिक्षावर भोंगा लावून तेच ओरडत फिरले.

माझी भाची रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला लागली आहे. आठवडाभर माझ्याकडे शिरूरला राहते, शनिवारी-रविवारी दौंडला घरी जाते. पहिल्या पगारातून तिला आईला आणि स्वतःला एकसारखे कुर्ता सेट घ्यायचे होते, संवत्सरीला स्थानकात दोघींनी एकसारखे घालायचे म्हणून. त्या डिझायनरची नक्षी तिने फोनवर पाहून ठेवली होती. गुलबक्षी रंग, पोपटी काठ. पोरीने बारा-तेरा दिवस त्याचा ध्यास घेतला होता. मी म्हटलं, चल, मीही येते. मला काही घ्यायचं नाही, तुझ्यासोबत येते.

सव्वानऊला गेलो तर आमच्या पुढे तीस-चाळीस बायका. दहाला शटर वर गेलं आणि सगळ्या एकदम आत. त्या खास कलेक्शनचा एक स्टँड होता. मी मोजले, चौदा हँगर. अख्ख्या शिरूर तालुक्यासाठी चौदा नग! 'एका ग्राहकाला दोनच' अशी पाटी भिंतीवर होती, पण आमच्या डोळ्यांसमोर एका बाईने सहा सेट कवेत घेतले आणि थेट बिल काउंटर गाठला. बिल झालंही. दहा वाजून अकरा मिनिटांनी स्टँड रिकामा होता. गुलबक्षी रंगाचा एकच सेट राहिला होता, माप एक्सएस.

भाची अंगाने भरलेली आहे. आपल्याकडच्या चारचौघी मुलींसारखीच. तिने तो एक्सएस हातात घेतला, आरशासमोर अंगाला लावून पाहिला आणि परत टांगला. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, मोठी मापं कुठेत? ती म्हणाली, "काकू, एल आणि एक्सएल दौंडच्या दुकानात आलेत." मी लगेच वहिनीला फोन लावला. वहिनी हातातलं काम टाकून रिक्षाने दौंडच्या दुकानात पोचली. तिथे तिला सांगितलं, "मोठी मापं शिरूरला पाठवलीत."

न्हावरा, पारगाव, केडगाव चौफुला असा तो रस्ता. त्या रस्त्यावर बहुधा कुठेतरी एल आणि एक्सएल मापाचे कुर्ते अजून फिरत असतील!

बाहेर पडताना भाची एवढंच म्हणाली, "आत्या, जाऊ दे. ते आपल्यासाठी नसतंच."

आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळखीच्या बाईचं स्टेटस आलं. तोच गुलबक्षी सेट, १,६००, कुरियर वेगळं, 'मोजकेच नग, बुकिंग चालू'.

कुर्त्याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. कुर्त्याचं काही नाही. पण कमावत्या पोरीने पहिल्या पगारात 'ते आपल्यासाठी नसतंच' हे वाक्य शिकून घरी यावं, याचा मला राग आला आहे. तो राग अजून उतरलेला नाही.

मग मी जरा वाचत बसले, आणि लक्षात आलं की आपल्या गावात घडलं ते गावंढळ कारभारामुळे घडलं, असं अजिबात नाही. हा मोठ्या जगातला मुरलेला खेळ आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये एच अँड एम या स्वीडनच्या स्वस्त फॅशनच्या साखळीने पॅरिसचे प्रख्यात डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांच्या नावाने कपडे काढले. मोठमोठ्या शहरांत बघता बघता माल संपला. तेव्हापासून ही पद्धतच पडली. १३ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांनी इटलीच्या मिसोनी घराण्याची नागमोडी पट्ट्यांची वस्त्रं विकायला काढली, तर त्यांची वेबसाइटच बंद पडली, आणि त्याच दिवशी तो माल चढ्या भावाने लिलावाच्या साइटवर दिसू लागला. नोव्हेंबर २०१५ मध्ये बाल्मां या फ्रेंच नावासाठी लोक एच अँड एमच्या दारात रात्र-रात्र मुक्कामाला होते.

आणि आपल्याकडे? १२ ऑगस्ट २०२१. नागपंचमीचा आदला दिवस. त्या दिवशी एच अँड एम आणि सब्यसाची मुखर्जी यांचं 'वाँडरलस्ट' नावाचं कलेक्शन आलं. आधी ते २०२० च्या एप्रिलमध्ये यायचं होतं, कोरोनामुळे लांबलं. त्यात एच अँड एमने पहिल्यांदाच साडी विकायला काढली होती, किंमत ९,९९९ रुपये. ज्यांचे लेहंगे लाखांत जातात त्या माणसाची साडी दहा हजारांच्या आत! ऑनलाइन माल काही मिनिटांत संपला. ज्यांना मिळाला त्यांचे फोटो आणि ज्यांना नाही मिळाला त्यांची हळहळ, दोन्ही आठवडाभर पुरलं.

आता एक साधा हिशोब करा. २००४ पासून आजवर वीसहून जास्त वर्षं झाली. दर वेळी माल कमी पडतो, दर वेळी लोक हळहळतात, दर वेळी मधल्या मध्ये कुणीतरी दामदुप्पट करतं. एवढी मोठी दुकानं, त्यांच्याकडे कोणत्या गावात कोणत्या रंगाची किती मोज्यांची जोडी खपते याची नोंद असते. त्यांना वीस वर्षांत एवढंच कळत नाही की माल थोडा जास्त करावा? पहिल्यांदा अंदाज चुकला तर ती चूक. तोच अंदाज वीस वर्षं त्याच बाजूला चुकत असेल तर त्याला धोरण म्हणतात.

कारण त्यांना तो कुर्ता विकायचाच नसतो. त्यांना गर्दी हवी असते. रिकामा स्टँड ही त्यांची जाहिरात असते. ज्या चाळीस बायका सकाळी सव्वानऊपासून उभ्या होत्या, त्यांतल्या पाच-सहा जणींना खास माल मिळाला. बाकीच्यांनी काय केलं? तशाच घरी गेल्या? छे. शनिवारची सकाळ मोडून आलोय, उन्हात उभ्या राहिलोय, आता रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून शेजारच्या स्टँडवरचं काहीतरी उचललं. कुणी लेगिंग्ज, कुणी बेडशीट, कुणी मुलाला चड्डी. आणि मी हिरवं जॅकेट. ते खास कलेक्शनमधलंही नव्हतं! चौदा नगांच्या आमिषावर त्यांनी दुकानभर पडून राहिलेला माल त्या सकाळी हलवला. माझ्या जॅकेटवरच्या २,४९९ या आकड्याला एकाही माणसाने ते कधी विकत घेतलं असेल असं मला वाटत नाही. तो आकडा खोडण्यासाठीच छापलेला असतो.

दुसरी गोष्ट मापांची. ही मला सगळ्यांत जास्त लागली. आधी वाटलं, आपल्याच गावात मोठी मापं पाठवली नसतील. नाही. २००४ मध्ये लागरफेल्डसाहेब त्या दुकानावर नाराज झाले, त्याची कारणं वाचा. एक, माल फार थोडा केला. हे ठीक. आणि दुसरं, आपले कपडे मोठ्या मापांतही शिवले! आपण सडपातळ लोकांसाठी रेखाटलं होतं, असं त्यांचं म्हणणं. १९ एप्रिल २०१५ ला टार्गेटने लिली पुलित्झर या नावाचं रंगीबेरंगी कलेक्शन काढलं, तेव्हा मोठ्या मापाचे कपडे दुकानात ठेवलेच नाहीत, फक्त ऑनलाइन ठेवले. म्हणजे बारीक बाईने दुकानात यावं, हात लावून बघावं, आणि जाड बाईने घरी बसून फोनवर नशीब आजमावावं. तिथल्या बायका यावर भडकल्या, बरोबरच केलं त्यांनी. 'सगळ्यांसाठी डिझायनर' असं म्हणायचं आणि सगळ्यांमधून अर्ध्या बायका आधीच वजा करायच्या. बाळंतपणं झालेली, पन्नाशी ओलांडलेली, थायरॉइडची गोळी खाणारी बाई 'सगळ्यां'मध्ये येत नाही काय?

तिसरी गोष्ट कारागिरांची. सब्यसाचींच्या त्या कलेक्शननंतर देशातल्या हस्तकलेच्या संस्थांनी त्यांना एक खुलं पत्र लिहिलं. दस्तकारच्या लैला तय्यबजींनीही आपली नाराजी उघड सांगितली. म्हणणं असं होतं की नक्षी पाहिली की राजस्थानातल्या सांगानेरची ठशांची छपाई आठवते, जाहिरातीत भारतीय हस्तकलेचा सुगंध दरवळतो, पण माल कारखान्यात यंत्रावर छापलेला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ती नक्षी राखली त्या छिप्यांना त्यातून काम मिळालं नाही. सांगानेरी छपाईला भौगोलिक मानांकन आहे. सब्यसाचींचं उत्तर साधारण असं होतं की भारतीय डिझाइन जगाच्या नकाशावर न्यायचं होतं, आणि हातकामाला आपल्या मूळ ब्रँडमधून पाठबळ चालूच आहे. त्यांच्या मूळ ब्रँडबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिथे शेकडो हात राबतात हे खरं. पण जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने त्या ब्रँडचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला होता. एवढं बळ पाठीशी असताना एका कलेक्शनमधला थोडा हिस्सा तरी ठशांवर छापता आला नसता का, हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

इथे एक फरक नीट समजून घेऊ. येवल्याची पैठणीसुद्धा मर्यादितच असते. हातमागावर बसलेला माणूस दिवसाला काही बोटंच विणतो, पदर भरीव असेल तर महिनोन्महिने जातात. ती कमी असते कारण माणसाला हात दोनच असतात. ती मर्यादा खरी. तिच्यासाठी थांबावं, पैसे साठवावेत, आणि नाही जमलं तरी विणणाऱ्याला नमस्कार करावा. पण पॉलिएस्टरच्या कापडावर यंत्राने छापलेला कुर्ता चौदा काढायचे की चौदाशे, हे एका खोलीत बसून कुणीतरी ठरवतं. ती मर्यादा हाताची नाही, हेतूची आहे. पैठणीच्या वाट पाहण्याची किंमत त्यांना फुकटात या कुर्त्याला लावायची असते.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्याच घरचे लोक वर्षानुवर्षं कापडाच्या गादीवर बसले, तुम्ही कुणाला शिकवताय?

खरंय. दौंडला स्टेशनजवळ वडिलांचं कापडाचं दुकान होतं. रेल्वेतली माणसं पगाराच्या दिवशी यायची, पोरांच्या शाळेच्या गणवेशाचं कापड, बायकोला साडी, आईला नऊवारी. आमच्याकडेही 'ताई, एवढाच तागा राहिलाय' हे वाक्य होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील एका बाईला ते वाक्य म्हणाले आणि मी गादीवरूनच ओरडले, "बाबा, माळ्यावर अजून दोन आहेत ना!" ती बाई खळखळून हसली. रात्री मला बोलणी बसली. पण त्यानंतर ते वाक्य मी बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. म्हणजे लबाडी आमच्याकडेही होती, मी नाकारत नाही. फरक एवढाच की ती बाई समोर होती. ती रागावू शकत होती, हसू शकत होती, दुसऱ्या दिवशी येऊन 'माळ्यावरचा दाखवा' म्हणू शकत होती. आणि कापड खरंच संपलं तर बाबा ऑर्डरच्या वहीत नाव लिहायचे, पुढच्या खेपेला सोलापूरहून, इचलकरंजीहून मागवायचे. माप हा प्रश्नच नव्हता. ज्याचं जेवढं अंग, तेवढे मीटर. कापडाला एक्सएस माहीत नसतं.

आज मी कुणावर रागावू? ती काउंटरवरची मुलगी? तिने तर चौदा ठरवले नव्हते.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तू इच्छा केलीस म्हणून दुःख झालं. इच्छाच केली नसतीस तर? अपरिग्रह काय फक्त पाठ करायला आहे का?"

मी गप्प बसले. कारण माझ्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. परिग्रह म्हणजे वस्तूंचा ढीग एवढाच अर्थ नाही, वस्तूवर जीव जडणं हाच खरा परिग्रह, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि मला तर त्या जॅकेटवर जीवही जडला नव्हता! फक्त 'संपेल' या भीतीने हात गेला. हे म्हणजे मोहाच्याही खालची पायरी. चौदा नियमांत आपण रोज वस्त्रांची मर्यादा ठरवतो, आणि एका भोंग्याने ती मर्यादा अकरा मिनिटांत उडवून लावली. ती चूक माझी. तिचं प्रायश्चित्त मी घेतलं आहे, ते इथे सांगायचं कारण नाही.

पण सासूबाईंना त्या दिवशी जे बोलता आलं नाही ते इथे लिहिते. अपरिग्रहाचा उपदेश नेहमी गिऱ्हाइकालाच का? श्रावकाची व्रतं फक्त विकत घेणाऱ्या बाईसाठी सांगितलेली नाहीत. आपला समाज बहुतांशी व्यापारी, आणि व्रतं सांगणाऱ्यांना हे नीट माहीत होतं. म्हणून अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापं-वजनं येतात, आणि असली मालासारखा दिसणारा नकली माल खपवणंही येतं. चोरी म्हणजे फक्त कुलूप फोडणं, असं समजायला आपले आचार्य भाबडे नव्हते. तराजूत चोरी असते, मापात चोरी असते. मग 'शेवटचे काही नग' या पाटीत नसते का? बारा वाजता रिकाम्या दुकानात भोंगा तसाच चालू ठेवण्यात नसते का? ठशाची नक्षी दाखवून यंत्राची छपाई देणं, हे कुठे बसतं, तुम्हीच सांगा.

शब्द तर बघा. मर्यादा हा आपला शब्द. आपण मर्यादा घेतो ती इच्छेला, म्हणजे वस्तू कितीही असोत, मन आवरतं राहावं. त्यांनी तोच शब्द उचलला आणि उलटा फिरवला. त्यांनी मर्यादा घातली मालाला, म्हणजे इच्छा बेसुमार वाढावी. 'मर्यादित' हा शब्द आता हव्यास पेटवायची काडी झाला आहे. याचा राग आपल्याला नाही येणार तर कुणाला यावा?

तिसरं म्हणणं भाचीच्या वयाच्या मुलींचं. त्या म्हणतात, आत्या, एरवी त्या डिझायनरच्या दुकानाची पायरी चढता येत नाही. निदान या निमित्ताने आपल्यालाही काहीतरी सुंदर मिळतं. हे म्हणणं मी मोडीत काढणार नाही. दौंडच्या मुलीला सुंदर कपडा हवासा वाटावा यात पाप नाही. मोठ्या शहरातल्या श्रीमंत बाईलाच नक्षी कळते असंही नाही. म्हणूनच तर म्हणते, द्यायचं तर द्या. नीट द्या. सगळ्यांना बोलावून अकरा मिनिटांत दार लावून घेणं, याला देणं म्हणत नाहीत. पंगतीला गावजेवणाचं आवतण द्यायचं आणि चौदा पानं मांडायची, असं आपल्याकडे कुणी केलं तर गाव तोंडात शेण घालेल.

आता नुसतं रागावून उपयोग नाही. आपल्या हातात काय आहे ते पाहू.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 'आमिष दाखवणाऱ्या जाहिराती' असा वेगळा भागच आहे. कमी किमतीचं आमिष दाखवून बोलवायचं तर त्या किमतीत माल विकण्याची वाजवी तयारी हवी, पुरेसा साठा हवा, आणि मागणीपेक्षा माल कमी पडणार असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं, असं त्यात आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांबद्दल आणखी नियम आले. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत, आणि पहिलाच प्रकार आहे खोटी घाई, म्हणजे आहे त्यापेक्षा माल कमी असल्याचं भासवणं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फ्रीजवर चिकटवून ठेवा.

हेही खरं की 'मर्यादित नग' एवढे दोन शब्द लिहून दुकान बऱ्याचदा सुटतं. किती नग ते लिहा, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं नाही. ते आपण मागितलं पाहिजे. माझ्या मागण्या फार नाहीत. दारावर पाटी लावा, आज या दुकानात अमुक नग, अमुक मापांचे. 'एकाला दोनच' लिहिलंय तर काउंटरवर तिसरा नग थांबवा. रांगेतल्या बायकांना चिठ्ठ्या द्या, चौदावीनंतरच्या बाईला सव्वानऊलाच सांगा की घरी जा, उन्हात उभी राहू नको. संपलं तर वहीत नाव लिहा, महिन्याने मागवून द्या. नक्षी कुठली आणि छपाई कशाची हे चिठ्ठीवर लिहा. बाबांच्या दुकानात यातलं बरंचसं एका वहीवर आणि एका पेन्सिलीवर होत होतं. कॉम्प्युटर असणाऱ्यांना अवघड नसावं.

आणि आपण? मोजकेच नग म्हणून स्टेटस टाकणाऱ्या ओळखीच्या बाईकडून दीडपट-दुप्पट भावाने घ्यायचं नाही. घरी दोन पैसे यावेत म्हणून ती करते हे मला कळतं, पण जी रांगेत आपल्या पुढे सहा नग कवेत घेते तिला आपणच पोसतो. भोंगा ऐकून जायचंच असेल तर यादी लिहून जा, आणि यादीतलं नाही मिळालं तर रिकाम्या हाताने परत या. रिकाम्या हाताने परत येणं ही फार मोठी ताकद आहे. मला ती त्या दिवशी जमली नाही.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगते. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी शिरूरच्या जुन्या बाजारपेठेत गेलो. गुलबक्षी सुती कापड मिळालं, पोपटी काठ वेगळा घेतला. तिच्यासाठी एक, वहिनीसाठी एक. शिंप्याने माप घेतलं, नऊ दिवस लावले, दोन फेऱ्या मारायला लावल्या, आणि एका कुर्त्याची बाही अर्धा इंच आखूड झाली ती परत उसवली. खिसे ठेवून घेतले. हिशोब केला तर त्या सेटपेक्षा दोनशे रुपये जास्तच गेले. डिझायनरसारखे दिसतात असं मी म्हणणार नाही. पण संवत्सरीला दोघी स्थानकात शेजारी बसल्या होत्या, आणि प्रतिक्रमणात उठता-बसता कुठे काही दाटत नव्हतं.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी मी त्या हायवेच्या दुकानात गेले. घ्यायला नाही. त्या शनिवारी काउंटरवरच्या मुलीला मी चार बायकांदेखत फार टाकून बोलले होते. वीस वर्षांची असेल नसेल. तिला बाजूला घेऊन म्हटलं, बाळ, त्या दिवशी रागाच्या भरात बोलले, मिच्छामि दुक्कडम्. तिला आधी कळलंच नाही. मग हसली. म्हणाली, "काकू, तुम्ही निदान आलात तरी. त्या दिवशी दहा जणी बोलल्या मला. आणि माल किती आलाय हे मलाच शटर उघडल्यावर कळलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "नवरात्रात परत येतंय कलेक्शन. मी रजा मागितली होती. नाही मिळाली."

हिरवं जॅकेट माझ्या कपाटातच आहे. चिठ्ठीसकट ठेवलं आहे. नवरात्रात भोंगा फिरू लागला की कपाट उघडून एकदा त्याच्याकडे बघणार आहे.

जय जिनेंद्र.